पासष्ट हजारांच्या पुढे

"ताई, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे आणि माझा पेशंट नाही," थोरली सिस्टर वॉर्डातून फोनवर म्हणाली. "आता बोला."

सकाळचे साडेनऊ वाजले होते. चहा टेबलावर निवत होता आणि मान रोजच्यासारखी धरली होती. अशा वेळी मला कोणी 'आता बोला' म्हटलं की माझं डोकं फिरतं. पण थोरली सिस्टर उगाच फोन करणाऱ्यातली नाही, म्हणून मी सरळ विचारलं.

"कोणता पेशंट?"

"पंधरा नंबर. बसड्रायव्हर आहेत बघा, ते. ताप उतरत नाही, दात घासले की हिरड्यांतून रक्त येतं, मांडीवर हे एवढाले काळेनिळे डाग. आणि तुम्ही पांढऱ्या पेशी दिल्यात सहा हजार आठशे चौसष्ट. डॉक्टर म्हणतात, रिपोर्ट चांगलाय, दुपारी घरी सोडा. मला नाही पटत. स्लाइड बघितलीत का तुम्ही?"

नव्हती बघितली. बघायची नाही असा नियमच होता.

स्लाइड म्हणजे काचेच्या पट्टीवर रक्ताचा थेंब पसरायचा, रंग द्यायचा आणि भिंगाखाली धरायचा. सव्वीस वर्षं मी या लॅबमध्ये आलेल्या प्रत्येक रक्ताची स्लाइड पाहिली. पेशी मोजायचं मशीन आलं तरी पाहत होते. दोन वर्षांपूर्वी मशीनला कॉम्प्युटर जोडला, त्यात रिपोर्टचा प्रोग्राम बसवला, आणि मोठ्या डॉक्टरांनी भिंतीवर कागद चिकटवला. मोठे डॉक्टर म्हणजे आमच्या दवाखान्याचे आणि लॅबचे मालक. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजारांच्या आत असतील तर स्लाइड करू नये, असं त्या कागदावर होतं. सगळ्यांना वाटलं, आता ही बाई आकाशपाताळ एक करणार. मी दोन दिवस कुरकुर केली, ती तोंडदेखली. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. रोज साठ स्लाइडींवर वाकून मानेचं पार लाकूड झालं होतं. नियम त्यांचा, पण सुटले मी.

पंधरा नंबरची बाटली अजून ट्रेमध्ये होती. स्लाइड केली, रंग दिला, वाळू दिली आणि भिंगाला डोळा लावला. मग बसले ती बसलेच.

चांगल्या रक्तात लाल पेशींच्या गर्दीत पांढऱ्या पेशी शोधाव्या लागतात. इथे त्यांनी पाय ठेवायला जागा ठेवली नव्हती. मोठ्या, गोल, सगळ्या एकाच तोंडवळ्याच्या. असलं रक्त मी उभ्या जन्मात शंभरेक वेळा पाहिलं असेल. हा रक्ताचा कॅन्सर होता. आणि माझ्या सहीच्या रिपोर्टवर आकडा होता सहा हजार आठशे चौसष्ट.

"सोडू नका त्यांना," मी सिस्टरला सांगितलं. "डॉक्टरांना म्हणावं, आधी वर येऊन भिंगात डोकं घाला."

मग मी मशीनकडे गेले. त्याची जोडणीची वायर आखूड, म्हणून दोन वर्षं ते भिंतीकडे तोंड करून बसलेलं. त्याला स्वतःचा छोटा पडदा आहे हे मी विसरूनच गेले होते. टेबल ओढलं, कंबरेतून कळ आली, मागे शिरले. पडद्यावर पंधरा नंबरपुढे लिहिलं होतं बहात्तर पूर्णांक चार. मशीन हजारांत बोलतं. म्हणजे बहात्तर हजार चारशे.

मशीन खरं बोलत होतं. मधल्यामध्ये कोणीतरी खोटं बोलत होतं.

*

प्रोग्राम ज्याने लिहिला त्याला आम्ही वायरवाला म्हणायचो. काहीही तक्रार करा, त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं. तो साडेअकराला आला. पंचेचाळिशीचा असेल, दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, खांद्यावरच्या पिशवीने एक बाजू कायमची खाली गेलेली.

"मॅडम, वायर हलली असेल," तो दारातूनच म्हणाला.

"वायर नाही हलली. मी हललेय. इकडे या आणि भिंगातून बघा."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"मला तरी तुमच्यातलं कुठे कळतंय? बघा म्हणते ना."

त्याने पाहिलं. मग मशीनचा पडदा पाहिला, मग रिपोर्ट पाहिला. पिशवी खाली ठेवायची त्याला आठवणच राहिली नाही. कागदाच्या कपट्यावर त्याने वजाबाकी केली, पुन्हा केली, आणि कपटा मुठीत चुरगळला.

"मॅडम, एक करा. हा नमुना नको, खोटा एक घ्या. हाताने आकडा टाका. पासष्ट हजार पाचशे पस्तीस. आणि छापा."

मी टाकला. रिपोर्टवर तोच आकडा आला.

"आता एक वाढवा. छत्तीस करा."

मी छत्तीस केलं. कागद सरसरत बाहेर आला. पांढऱ्या पेशी: शून्य.

"अरे देवा," तो म्हणाला आणि माझ्या खुर्चीत बसला. मी उभीच.

मी म्हटलं, "अहो, मला कळेल असं सांगा. शाळेत गणितात मी काही अगदीच ढ नव्हते."

"कॉम्प्युटरमध्ये आकडा ठेवायला जागा लागते," तो म्हणाला. "डबे समजा. मी सोळा डबे दिले होते. एकेका डब्यात एक नाहीतर शून्य, एवढंच. सगळ्या डब्यांत एक भरलं की होतात पासष्ट हजार पाचशे पस्तीस. त्यात आणखी एक टाकायचा तर सतरावा डबा लागतो. तो नाहीच. मग सोळाही डबे रिकामे होतात आणि मोजणी पहिल्यापासून सुरू."

"म्हणजे बहात्तर हजार चारशेमधले पासष्ट हजार—"

"पासष्ट हजार पाचशे छत्तीस गळाले. उरले ते छापले."

"आणि कोणी काही बोललं नाही? तुमचा कॉम्प्युटर एवढा शहाणा, एका शब्दाने तरी सांगायचं होतं, की बाई गं, मावत नाही!"

तो हसला, पण हसण्यात काही दम नव्हता. "ते भाषेवर असतं, मॅडम. आम्ही प्रोग्राम ज्या भाषेत लिहितो तिच्यावर. काही भाषा अशा आहेत की आकडा मोठा झाला की आपणच जागा वाढवून घेतात. हळू चालतात, पण कितीही मोठा आकडा द्या, सांभाळतात. काही भाषा तिथल्या तिथे काम थांबवतात आणि बोंब मारतात. काहींत सांगून ठेवता येतं, की काठापर्यंत भरा आणि तिथेच थांबा. निदान पासष्ट हजार तरी छापले असते, तुम्हाला कळलं असतं. आणि काही भाषा काहीच बोलत नाहीत. वरचं सांडून देतात आणि पुढच्या कामाला लागतात. त्यांना वेग हवा असतो."

"तुम्ही नेमकी तीच घेतलीत."

"मला तीच येत होती," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "तसं नाही. खरं सांगतो. तपासून थांबायची सोय तिच्यातही होती. सुरुवातीला मी चालू ठेवलेली. पण प्रोग्राम कशावरही थांबायचा. कोणी वयाच्या जागी फोन नंबर टाकला की थांबला. मग रिपोर्ट अडकायचे, खाली पेशंट ओरडायचे, मोठ्या डॉक्टरांचा फोन यायचा, तुझा प्रोग्राम सारखा का अडखळतो म्हणून. एक दिवस कंटाळून मी ती सोय बंद केली. त्यानंतर एकदाही अडखळला नाही. डॉक्टरांनी शाबासकी दिली मला."

"पण पासष्ट हजारच का?"

"चांगल्या माणसाला अकरा हजार पुरतात असं वाचलं होतं. म्हटलं सहापट ठेवू, भरपूर झालं."

"मला एकदा विचारायचं होतंत. लाखाच्या वर गेलेल्या मी पाहिल्यात."

"तुम्हाला विचारायला कोणी दिलं मॅडम? जे काय बोलायचं ते साहेबांशी, असं होतं."

त्याला चांगलं फैलावर घ्यायचं असं मी ठरवलं होतं. शब्दसुद्धा जुळवून ठेवले होते. पण त्याच्याकडे पाहता पाहता मला ते चोवीस हजार चारशे चौसष्ट आठवले.

साडेचार महिन्यांपूर्वीची गोष्ट. एका म्हाताऱ्या बाईंचा रिपोर्ट चोवीस हजारांच्या वर आला होता. जास्त म्हणून नियमाने स्लाइड केली, आणि पाहते तर गर्दी चोवीस हजारांची नव्हेच. नव्वदच्या घरातली. डोळ्यांना सव्वीस वर्षांची सवय, हजार-दोन हजार इकडेतिकडे होतील, एवढी चूक व्हायची नाही. मी कॉम्प्युटरवर हाताने नव्वद हजार टाकले. त्याने छापले चोवीस हजार चारशे चौसष्ट. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. मी वैतागून त्या बाईंच्या डॉक्टरांना फोनवर खरा आकडा तोंडी सांगितला आणि घरी गेले.

कोणालाही काही बोलले नाही. त्याआधी एकदा दुसऱ्याच कशाची तक्रार केली होती, तेव्हा मोठे डॉक्टर सगळ्यांसमोर म्हणाले होते, "मॅडमना कॉम्प्युटरशी जमत नाही." सगळे खो खो हसले होते. पुन्हा कोण तोंडघशी पडणार? आणि त्या दिवशी मी दमले होते. बाकी कारणं नंतर सुचली, खरं कारण तेवढंच.

हे मी वायरवाल्याला सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्याने ऐकून घेतलं.

"मग आपण दोघं आहोत," तो म्हणाला.

"मागचे किती असतील?" मी विचारलं. सकाळपासून हाच प्रश्न मी टाळत होते.

"प्रोग्राममध्ये सापडणार नाहीत. त्यात उरलेलाच आकडा आहे. पण मशीन स्वतःकडे शेवटचे दहा हजार नमुने ठेवतं."

दहा हजार म्हणजे आमचे साडेपाच महिने.

"आणि त्याआधीच्या दीड वर्षाचे?"

"त्याआधीचे गेले, मॅडम."

*

वायरवाला भिंत आणि मशीन यांच्या मध्ये मांडी ठोकून बसला. तो आकडा वाचायचा, मी रजिस्टरात नाव बघायची. पासष्टच्या वरचे तीनच निघाले. एक त्या म्हाताऱ्या बाई, एक आजचा बसड्रायव्हर. तिसरा नमुना बरोबर तीन महिन्यांपूर्वीचा होता. एकाहत्तर पूर्णांक तीन.

एकोणीस वर्षांची मुलगी. थकवा, बारीक ताप. हिमोग्लोबिन कमी, आठ. पांढऱ्या पेशी पाच हजार सातशे चौसष्ट, अगदी दृष्ट लागण्यासारख्या. म्हणून स्लाइड नाही. कोणीतरी रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन घरी पाठवली असणार. तपासणाऱ्याच्या जागी माझी सही.

मी तिचा चेहरा आठवायचा खूप प्रयत्न केला. रक्त मीच काढलं असणार, तो दिवस माझा होता. काही केल्या आठवेना.

म्हातारीच्या वेळी मी तोंड उघडलं असतं, तर दीड महिन्याने ही मुलगी आली तोवर प्रोग्राम दुरुस्त झाला असता. हे गणित करायला मला कॉम्प्युटर लागला नाही.

आम्ही दोघं मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेलो. त्यांनी सगळं नीट ऐकलं. माणूस वाईट नाही, पण दिवसभरात शंभर जण येऊन डोकं खातात, त्यामुळे कुठलीही गोष्ट लवकर संपवायची त्यांना सवय लागलीय.

"ड्रायव्हरचा रिपोर्ट सुधारून द्या. त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवायची सोय मी करतो. प्रोग्राम आजच्या आज दुरुस्त करा. आणि तो भिंतीवरचा कागद काढा. झालं?"

"आणि मुलगी?" मी म्हटलं.

"ती पुन्हा आलीय का आपल्याकडे?"

"नाही."

"म्हणजे दुसरीकडे गेली. तिथे निदान झालं असेल, उपचार चालू असतील. आता फोन करून काय साधणार? लोक अंगावर येतील फक्त."

"आणि दुसरीकडे गेली नसेल तर? आपल्या रिपोर्टवर विश्वास ठेवून गोळ्या खात घरी बसली असेल तर?"

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"मॅडम, तुम्ही आठ महिन्यांनी निवृत्त व्हाल. हे मला चालवायचंय."

"चालवा की," मी म्हटलं. "मी फोन करून येते."

जिन्यात वायरवाल्याने मला गाठलं.

"मी करतो फोन. चूक माझी आहे."

"तुम्ही काय सांगणार त्यांना? सोळा डबे?" मी म्हटलं. "सही माझी आहे. तुम्ही वर जा आणि तुमची ती बोंब मारायची सोय आधी चालू करा."

*

रजिस्टरात मुलीच्या नावापुढे वडिलांचा नंबर होता. लॅबच्या फोनवरून लावला. दुपारचे अडीच वाजले होते. वायरवाला कॉम्प्युटरपुढे बसला होता, पण बोटं हलत नव्हती. रिंग वाजत होती तेवढ्यात मी जे काय नवस-सायास करायचे ते मनात करून घेतले. जिवंत असू दे. रागाने बोलू दे, शिव्या घालू दे, पण असू दे.

"हॅलो," एका पुरुषाचा आवाज आला.

मी लॅबचं नाव सांगितलं आणि मुलीचं नाव घेतलं. "तुमच्याकडे आहे का ती? तिच्या तब्येतीबद्दल बोलायचं होतं."

"ती गेली हो," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात, पुष्कळ जणांना सांगून झाल्यासारखं. "गुरुवारी महिना होईल."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. वायरवाल्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. तो उठून खिडकीशी गेला.

"तुमच्याकडे रिपोर्ट न्यायचा राहिला होता का काही?" त्यांनीच विचारलं. "कारण तुमचा रिपोर्ट आहे आमच्याकडे. चांगला होता. मी सगळ्यांना तेच सांगतो, आम्ही हयगय नाही केली, लगेच रक्त तपासलं होतं, तेव्हा काही नव्हतं. तिची आई सारखी म्हणते, आपलंच दुर्लक्ष झालं. मी तिला तो रिपोर्ट काढून दाखवतो. म्हणतो, बघ, तेव्हा सगळं नॉर्मल होतं. नंतर फार वेगाने वाढलं, त्याला आपण काय करणार?"

इथे मला फोन ठेवता आला असता. दोन शब्द सांत्वनाचे बोलून ठेवता आला असता, आणि त्या घरात तो कागद एक आधार म्हणून राहिला असता. मोह झाला. खोटं कशाला बोलू, चांगलाच झाला. पण तो आधार खोटा होता, आणि त्या आईचं म्हणणं खरं होतं. दुर्लक्ष झालं होतं. फक्त ते तिचं नव्हतं.

"तो रिपोर्ट चुकला होता," मी म्हटलं. "पांढऱ्या पेशींचा आकडा चुकीचा छापला गेला. आजार तेव्हाच होता. आम्हाला दिसायला हवा होता, आम्ही पाहिला नाही. तुमच्याकडून काही राहिलं नाही, तिच्या आईकडूनही नाही. आमच्याकडून राहिलं. माझ्याकडून."

मला वाटलं, त्यांनी फोन ठेवला. मग लांबून ऐकू आलं, "अगं, लॅबमधून फोन आहे. ती हिरवी फाइल दे. हो, तीच. पेन पण आण."

भांडं ठेवल्याचा आवाज आला. कोणीतरी काहीतरी विचारलं, ते म्हणाले, "सांगतो, सांगतो." कागद चाळल्याचा आवाज. मग ते पुन्हा फोनवर आले.

"किती होता मग खरा?"

"एकाहत्तर हजार तीनशे."

"आकडे सांगा एकेक. मी लिहून घेतो."

"सात. एक. तीन. शून्य. शून्य."

ते लिहीत होते. पेन उमटत नसावं, कारण कागदावर घासल्याचा आवाज दोनतीनदा आला. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण आवाज मी धरून ठेवला होता. त्यांना आकडा नीट ऐकू जायला हवा होता.

"सात, एक, तीन, शून्य, शून्य," त्यांनी वाचून दाखवलं. "आणि आधीचा खोडू?"

"खोडू नका. त्याच्यावर फक्त एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि शेजारी दुरुस्त करणाऱ्याने सही करायची. आमच्यात तशी पद्धत आहे."

"सही कोण करणार?"

"मी करायला हवी."

"मग या तुम्ही," ते म्हणाले. "हिला पण तुम्हीच सांगा हे. माझं ती ऐकत नाही."

"आज आले तर चालेल?"

"चालेल की. शेवटच्या थांब्यावर उतरा, समोर पाण्याची टाकी आहे, तिच्या मागची इमारत. दुसरा मजला, डावीकडचं दार. घंटी बिघडलीय, दार वाजवा." मग म्हणाले, "केव्हाही या. आम्ही दोघं घरीच असतो."

मी पत्ता लिहून घेतला.